गाय व्याली का

दर दुसऱ्या शनिवारी
शरणपूरहून आम्ही दोघं नाशिकरोडला जातो,
पाळक उमाप आणि मी.
त्यांच्या मांडीवर पेटी,
माझ्या पिशवीत गीतांची पुस्तकं
आणि गुडघ्याचं मलम.

जेलच्या फाटकावर पेटीचा भाता उघडून बघतात.
शास्त्राची पानं अंगठ्यानं फरफर सोडतात.
एकदा एक शिपाईबाई मध्येच थांबली,
चार ओळी वाचल्या,
मग म्हणाली, जा.
झडतीचं मला काही वाटत नाही.
तीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात
मीही माणसांना असंच कुशीवर वळवलंय,
न विचारता.

आत चौदा जण बसतात. कधी नऊच.
पेटीची एक पट्टी बसलेली आहे,
ती भलत्याच जागी भोंगते आणि पोरं हसतात.
पोरंच म्हणते मी,
कुणाकुणाचे केस माझ्याहून पांढरे आहेत.
कुणी विश्वासानं येतं,
कुणी पंख्याखाली बसायला मिळतं म्हणून.
आम्ही विचारत नाही.
पंखाही देवाचाच.

अंबादास थेटे गात नसे.
हातमागावरून उठून तसाच यायचा,
बाहीला सतरंजीचे लाल दोरे.
मार्चमध्ये, सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना,
सरकत माझ्याजवळ आला.
सिस्टर, गिरणाऱ्याला जाल?
ठकूबाईंना विचाराल,
आणि पुढचं त्याला सापडेना.
काय विचारू?
उमापांची प्रार्थना लांबली, बरं झालं.
शेवटी म्हणाला,
गाय व्याली का.

ठकूबाई म्हणजे
त्यानं ज्याला मारलं, त्याची आई.

बसमध्ये मी एक शब्द तोंडात धरून बसले होते.
तीन चालींत गायलेला,
लग्नात, मयतीत, दर रविवारी भाकरीआधी.
टमाट्याच्या क्रेटांमधून वाट काढत
तिच्या अंगणात उभी राहिले
तर तो जिभेवरून हलेना.
कुणाकडून आलात?
मी नाव सांगितलं.

सूप तिच्या हातात तसंच राहिलं.
मग ती आत गेली.
आता दार लागेल, मला वाटलं.
काठीही निघाली असती तर
मी काय म्हणणार होते?

ती पाणी घेऊन आली.
माझ्या हातात दिलं नाही,
ओट्यावर ठेवलं.
उन्हाचं आलात, म्हणाली,
आणि दुसरीकडे बघत,
गाय विकली. त्याच्या तेराव्याच्या आधीच.
मी पाणी प्यायले. सगळं प्यायले.
त्याला काही सांगू नका, म्हणाली.

कोपऱ्यावर पोचले तेव्हा मागून हाक आली.
वळले.
तो जेवतो का?
मी काही बोलायच्या आत
ती सूप पाखडायला लागली होती.

पुढच्या शनिवारी उमाप म्हणाले,
त्याला क्षमेविषयी सांगा.
मी सांगितलं, गाय विकली.
त्यानं मान हलवली, बाजारभाव ऐकावा तशी.
आणि मला पाणी दिलं.
कशात?
पेल्यात. स्टीलच्या.
नाव होतं त्यावर?

होतं.
ओठाला लागत होती ती अक्षरं:
चि. निवृत्ती यास, मामांकडून.
मी हो म्हणाले. वाचून नाही दाखवलं.
त्याला पाठ असणार.
कितीदा प्यायला असेल तो त्याच पेल्यानं,
दोघं शेतावरून घामाघूम आल्यावर.

त्या दिवशीही तो गायला नाही.
पेटीजवळ बसून
ती बसलेली पट्टी नखानं उचलत राहिला.
नाही उचलली गेली.

तिचा प्रश्न मी त्याला सांगितलेला नाही.
नको म्हणाली होती.
पण आता गीत चालू असताना
माझं पुस्तक उघडंच राहतं,
मी त्याची मनगटं बघते,
गळ्याचं हाड, नखांचा रंग,
वॉर्डात बघायचे तशी.

जेवतो, ठकूबाई.
थोडं.
एवढं एकदा गिरणाऱ्याला जाऊन
सांगून यायचंय.